सभासद नंबर चौदाशे सतरा

उजव्या हातात भाकरीचा घास होता म्हणून मी डाव्या हातानं बटण दाबलं. चूक म्हणाल तर एवढीच. दाबायचं होतं एन, आणि एन हे अक्षर कीबोर्डवर उजव्या हाताच्या वाट्याला येतं. डावा हात बिचारा जिथं पडला तिथं पडला आणि त्याच्या बोटाखाली आला एस. मावशीनं डब्यात लसणाची चटणी दिली होती, ती इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुढं काय बघायचंय हे ठाऊक असतं तर तेवढं पाणी मी राखून ठेवलं असतं. आज घरात कुणी विचारलं की तुमच्या आयुष्याला वळण कशानं लागलं, तर मी आपलं वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद वगैरे सांगतो. खरं कारण चटणी-भाकरी हे आहे, आणि ते सांगायची लाज वाटते.

तेव्हा मी दौंडला मावशीकडे राहायचो. मावशीचं घर रेल्वे लाइनीपासून इतकं जवळ, की मालगाडी गेली की फळीवरची पितळेची भांडी आपसांत कुजबुजायला लागायची. मावशी गाड्यांवर स्वयंपाक करायची. एक पॅसेंजर गेली की भात टाकायची, दुसरी गेली की झाकण काढायची. गाडी लेट झाली त्या दिवशी आम्ही गिचका भात खायचो आणि कुणी तक्रार करायचं नाही. तिचा थोरला विलासदादा, माझा मावसभाऊ. तालुक्यात कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्या दोन-चार लोकांना ठाऊक होतं त्यांतला तो एक. एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्याचं ऑफिस. खाली जोंधळे दळले जायचे आणि वर आम्ही प्रोग्राम लिहायचो. संध्याकाळी कीबोर्डावर बोट फिरवलं तर पिठाची रेघ उठायची. दादा रुबाबात म्हणायचा, "सुभ्या, पुण्यातली पोरं ए.सी.त बसून जे करत्यात, तेच आपण हितं पिठात बसून करतोय." मला ते फार भारी वाटायचं. दादा जे म्हणेल ते मला भारीच वाटायचं. मिशीसुद्धा मी त्याच्यासारखी ठेवली होती. ती मला शोभत नव्हती हे लग्नानंतर मंगलनं सांगितलं, तोवर कुणी बोललं नव्हतं.

आमचं मोठं काम एकच होतं. साखर कारखान्याचा ऊसतोडणीचा क्रम लावायचा. कारखाना कुठला ते सांगत नाही, सांगून आता कुणाचं भलं होणार नाही. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी त्याचा ऊस आधी तुटायचा, असा साधा नियम. पण लागणीची तारीख लिहायचा कारखान्याचा चिटबॉय, त्याच्या वहीत, त्याच्या अक्षरात. चिटबॉय शेतात आला की त्याला खुर्ची, चहा, अंड्याची पोळी. ज्याच्या घरी पोळीबरोबर रस्साही मिळे त्याची लागण वहीत आठ-दहा दिवस मागं सरके, म्हणजे तोडणी पुढं येई. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच रस्सा करत होते, त्यामुळे कुणालाच फायदा नव्हता. नुकसान फक्त कोंबड्यांचं. मग कारखान्यानं ठरवलं की क्रम आता कॉम्प्युटर लावेल. दर सोमवारी यादी छापायची आणि गट ऑफिसच्या भिंतीला चिकटवायची.

आमचं गाव शिरूर तालुक्याच्या पार टोकाला, भीमेच्या काठावर. नदी ओलांडली की दौंड तालुका. गावात या कॉम्प्युटरच्या यादीला लोकांची संमती घ्यायची म्हणून शाळेत बैठक झाली. दादानं मलाच उभं केलं, म्हणाला, तुझं गाव, तू बोल. मी बोललो. काय बोललो ते आठवलं की आजही कानाची पाळी तापते. मी म्हणालो, "मंडळी, कॉम्प्युटरला नातंगोतं नसतं. तो रस्सा पीत नाही." लोक हसले, पण सही करायला पुढं कुणी येईना. तेवढ्यात उस्मानचाचा उठले. चाचांचं आणि आमचं रान एका बांधाला लागून, विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या वाटून घेतलेल्या. आमचे आप्पा आणि ते लहानपणापासून एकत्र म्हशी चारलेले. चाचा म्हणाले, "सुभाष म्हनतोय म्हंजी तसंच आसंल. आना हिकडं कागद." त्यांनी पहिली सही केली आणि त्यांच्यामागं अख्ख्या वस्तीनं केली. आप्पा कोपऱ्यात बसून मिशीतल्या मिशीत हसत होते. मला वाटलं, पोराचं कौतुक वाटतंय.

आता डिबगर, म्हणजे प्रोग्राममधली चूक शोधायचं साधन, काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर एस आणि एनचा काही बोध होणार नाही. माझी मुलगी म्हणते, बाबा, आता इतकं उकरत कुणी बसत नाही. असेल. पण मला ते दौंडात राहूनच समजलं, आणि मी ते दौंडासारखंच सांगणार. प्रोग्राम नुसता चालू केला की तो मेलगाडीसारखा जातो. धाड धाड धाड, आणि शेवटच्या स्टेशनावर यादी टाकून मोकळा. मधे कुठं काय घडलं ते फलाटावरच्या माणसाला दिसत नाही. डिबगर लावला की त्याच गाडीची पॅसेंजर होते. काळ्या पडद्यावर एकेक ओळ येते आणि थांबते, तुम्ही सांगाल तेव्हाच हलते. पी दाबून एखाद्या डब्यात डोकावता येतं, आत या क्षणी कोण बसलंय, कुठला आकडा आहे. आणि मधेच एखादा फाटा लागला, म्हणजे प्रोग्राममधला दुसरा छोटा प्रोग्राम लागला, तर दोन वाटा असतात. एन दाबलं तर गाडी फाट्यावर न शिरता पुढच्या ओळीवर येते, आतलं काम न दाखवता उरकलेलं असतं. एस दाबलं तर गाडी फाट्याच्या आत शिरते आणि तिथली ओळन् ओळ दाखवते.

हे सगळं मला दादानं शिकवलं. माझ्या पाठीमागं उभा राहून, खांद्यावर हात ठेवून. म्हणायचा, "प्रोग्राम चुकला की मानसाला विचारायचं न्हाई. मानूस कायबी सांगतो. पी दाबायचं आन् प्रोग्रामला विचारायचं." फक्त एका फाट्याबद्दल त्यानं बजावलं होतं. त्या फाट्याचं नाव त्यानं ठेवलं होतं 'किरकोळ'. "ते किरकोळ दुरुस्त्यांचं हाय, तपासून झालंय. तिथं एन दाबायचं आन् पुढं जायचं. उगं वेळ घालवू नगं." मी कित्येक महिने तिथं इमानानं एन दाबत आलो. देवळासमोरून जाताना हात जोडावा तसं.

हंगाम निम्मा झाला होता. एका मंगळवारी दुपारी उस्मानचाचा जिना चढून वर आले. धोतराला धूळ, हातात पिशवी. दोन एसट्या बदलून आले होते. दादा नव्हता, प्रिंटरचा कागद आणायला पुण्याला गेला होता. मी डबा उघडूनच बसलो होतो. चाचांना अर्धी भाकरी दिली, त्यांनी पिशवीतून कांदा काढून गुडघ्यावर बुक्कीनं फोडला आणि स्टुलावर टेकले.

"सुभाषशेठ," ते म्हणाले. मला ते लहानपणापासून चेष्टेनं शेठ म्हणायचे. "तुझ्या मशिनीला काय झालंय का?"

"का हो चाचा?"

"आरं, माझी लागण तुमच्या आधी दोन दिस. तूच व्हतास की बेणं वाहायला. माझं रान सपलं, तीच मानसं बांध वलांडून तुमच्यात गेली. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मागल्या आठवड्यात तोडनीची टोळी आली. तुमचं रान मोकळं करून गेली. माझा ऊस यादीत कुठं हाय तर पार तळाला. तुरं फुटाय लागल्यात रं. आजून महिनाभर उभा ऱ्हायला तर आतनं पोकळ पडंल समदा. आप्पाला इचारलं. आप्पा म्हनला, मशिनीनं काढलंय, आपुन काय करनार. म्हनलं मशिनीलाच इचारून येऊ."

पोकळ उसाचं काय होतं ते शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. अठरा महिन्यांचं पीक नुसतं चिपाड होतं. मला खात्री होती की कुठंतरी तारीख चुकीची भरली गेली असणार, दोन मिनिटांत सापडेल, चाचा खूश होतील आणि गावात माझं नाव होईल. मी तोंडातला घास न संपवताच डिबगर लावला. चाचांचा नंबर घालून ओळीओळीनं निघालो. तारीख बरोबर. क्षेत्र बरोबर. उसाची जात बरोबर. किरकोळचा फाटा आला, आणि तिथं तो डावा हात पडला.

गाडी आत शिरली.

आत दहाच ओळी होत्या. सहा सभासद नंबरांची एक यादी, आणि त्याखाली असं की नंबर या सहांपैकी असेल तर लागणीची तारीख चाळीस दिवस मागं धरायची. चाचांचा नंबर त्यात नव्हता म्हणून गाडी हात न लावता बाहेर आली. मी परत आत गेलो. या खेपेला मुद्दाम. पहिला नंबर पी दाबून बघितला. तो कुणाचा ते मला ठाऊक होतं, मोठं नाव. दुसरा त्याच्या भावाचा. तिसरा, चौथा, पाचवा, सगळी चाळीस-चाळीस एकरवाली माणसं, एकेकाचं रान मोकळं करायला टोळीला आठ-आठ दिवस. खरं सांगतो, तिथवर मला आनंद होत होता. चोर सापडल्याचा आनंद. दादाला कुणीतरी फसवलंय, दादा आला की मी त्याला दाखवणार, दादा पाठीवर थाप मारणार, इथवर मनात झालं होतं. मग मी सहाव्यासाठी पी दाबलं.

चौदाशे सतरा.

हा नंबर मला माझ्या वाढदिवसाच्या आधी पाठ झाला होता. दिवाळीला कारखान्याकडून सभासदांना साखर मिळायची तेव्हा आप्पा मला पिशवी देऊन रांगेत उभं करायचे, आणि खिडकीतल्या माणसानं विचारलं की मी टाचा उंचावून ओरडायचो, "चौदाशे सतराऽ!" एकदा नाव विचारलं तरी नंबरच सांगितला होता, त्यावरून आप्पा कितीतरी वर्षं हसत होते.

त्या यादीच्या वर एक टीप होती. प्रोग्राम बदलला की कुणी बदलला ते तिथं लिहून ठेवायची पद्धत असते. तिथं नाव होतं माझं. आणि जी तारीख होती त्या दिवशी मी कासुर्डीला मित्राच्या रानात हुरडा खात होतो.

चाचा कांद्याची शेवटची पाकळी तोंडात टाकत पडद्याकडं बघत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय म्हनती मशीन?"

मी म्हणालो, "थोडा बिघाड आहे, चाचा."

"बिघाड व्हय?" त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. "मग ठीक हाय. मला वाटलं व्हतं, मानसानंच काय केलं का काय." आणि उरलेली भाकरी त्यांनी माझ्या डब्यात परत ठेवली. "तू खा. कामाचा मानूस तू."

गिरणी खाली घरघरत होती. ती अजूनही माझ्या कानात आहे. कुठल्याही गिरणीवरून गेलो की मला 'कामाचा मानूस तू' ऐकू येतं, म्हणून दळण आणायला मी कधीच जात नाही. मंगलला वाटतं आळस आहे. तसं तिचंही अगदी चूक नाही.

संध्याकाळी दादा आला, कागदाचे गठ्ठे उतरवले, घाम पुसला. पडद्यावर मी किरकोळ उघडाच ठेवला होता. त्यानं पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? म्हणाला, "तुला आत जायला कुनी सांगितलं व्हतं? एन दाब म्हणलो व्हतो ना?"

"दादा, माझं नाव का घातलंस?"

"आरं, तुझ्या घरचा नंबर, तुझं नाव. त्यात काय एवढं? उद्या कुनी बघितलंच तर पोरगं नवीन व्हतं, चुकलं, असं म्हनता येतं. माझं नाव आसतं तर ऑफिस बंद झालं आसतं. मग तू तरी कुठं गेला आसतास?" मग आवाज मऊ करून म्हणाला, "आन् मी काय आपल्या मनानं केलं न्हाई. आप्पांना इचार."

खांद्यावर त्यानं नेहमीसारखा हात ठेवला. मी तो काढला नाही. काढायला हवा होता, पण हात झटकायची सवय लागते, ती मला नव्हती. रात्रभर... नको, त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही, मी जेवून झोपलो. एवढा दगा होऊन माणूस जेवतो आणि झोपतोही, याचंच मला सकाळी जास्त वाईट वाटलं.

सकाळच्या एसटीनं गावाकडं गेलो. आप्पा गोठ्यात म्हैस पिळत होते. बादलीत धारांचा आवाज येत होता, आणि आमच्या रानाकडून पाचट जाळल्याचा वास. आमचं रान मोकळं, काळं. बांधापलीकडं चाचांचा ऊस उभा, त्यावर तुरे, सगळं रान एका रात्रीत म्हातारं झाल्यासारखं पांढरं.

मी म्हणालो, "आप्पा, चौदाशे सतरा."

"आपला नंबर हाय त्यो," आप्पा मागं न बघता म्हणाले.

"किरकोळमध्ये कसा गेला?"

आप्पांना किरकोळ माहीत नव्हतं, पण काय विचारतोय ते कळलं. त्यांनी लपवलं नाही. ओरडले असते, नाकारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "इलासला म्हनलं, लेका, घरचं मानूस मशिनीवर बसतंय आन् आपला ऊस मागं ऱ्हायचा व्हय? लोकं हसत्याल. तो म्हनला, काका, व्हईल. झालं."

"ते खोटं आहे, आप्पा. मी शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"बराबर सांगितलंस. छान बोललास."

"आणि चाचा? त्यांची लागण आपल्या आधीची."

आप्पांचे हात थांबले नाहीत. "त्यांचं कोन हाय मशिनीवर?" ते म्हणाले.

त्यात दुष्टपणा नव्हता हो. हेच मला आजवर नीट पचवता आलेलं नाही. चिटबॉयला रस्सा घालणं आणि भाच्याला एक शब्द टाकणं यात त्यांना फरकच दिसत नव्हता. उलट, ज्याच्या घरात मशीनवाला आहे त्यानं एवढंही करू नये तर पोराला शिकवायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. शाळेतल्या बैठकीत ते का हसत होते ते मला गोठ्यात कळलं.

मी म्हणालो, "मी चाचांना सांगतो."

आता हात थांबले. म्हशीनं मान वळवून पाहिलं. आप्पा उठले, बादली बाजूला ठेवली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाले, "ओळ काढायची तर काढ. ऊस आपला गेलाय. पर त्याला सांगू नगं, सुभाष. साठ वर्साची सोबत हाय. एवढं ऐक माझं." त्यांच्या डोळ्यांत मला कधी भीती दिसली नव्हती. ती बघितली आणि मी मान डोलावली.

दौंडला परत येऊन मी तो फाटाच उखडला. सोमवारच्या यादीत उस्मानचाचा पहिले आले. टोळी गेली, ऊस तुटला, पण कारखान्याच्या काट्यावर वजन भरलं नाही. कांडी मोडली की आत कापूस. त्या आठवड्यात चाचा पुन्हा जिना चढून आले. चाचीनं गुळाचे चोंगे करून दिले होते, डब्याला फडकं बांधून. "घे शेठ. मशीन दुरुस्त केलीस. म्या गावात सांगितलं, सुभाषनं सवता बिघाड काढला." मी तीन चोंगे खाल्ले. तिसरा तर मागून घेतला. पंधरा दिवसांनी बघितलं तर किरकोळ पुन्हा जागेवर, सहाच्या सहा नंबर, आणि वर टीप माझ्याच नावाची. मी त्या दिवशी मिशी काढली आणि नोकरी सोडली. मावशीला सांगितलं, दौंडचं पाणी बाधतंय. तिनं काढा करून दिला, तोही प्यालो. पुढं रांजणगावच्या एका कंपनीत लागलो, कारेगावला खोली घेतली, आणि ज्या कामात माणसांचा क्रम लावावा लागत नाही असंच काम आयुष्यभर शोधत राहिलो. दादा लग्नाकार्यात भेटतो. आम्ही हवापाण्यावर बोलतो. आप्पा गेले तेव्हा पहिला खांदा चाचांनी दिला, आणि मी तेव्हाही गप्पच होतो.

हे प्रकरण लिहून झालं तसं मी मंगलला वाचून दाखवलं. ती केंदूरची. शेतातल्या आणि घरातल्या गोष्टीत तिला फसवता येत नाही. ती शेंगा फोडत ऐकत होती. मला वाटलं, इतकी वर्षं मनात ठेवलेलं दुःख ऐकून ती काहीतरी मायेचं बोलेल. भावानं दगा दिला, बापानं दगा दिला, असं निदान एकदा तरी म्हणेल. माझं वाचून झालं तरी तिचे हात चालूच होते. मग तिनं टरफलं पदरात गोळा केली आणि म्हणाली, "त्या दोघांनी चाचांचा ऊस मागं ढकलला. पर चोंगे त्यांनी न्हाई खाल्ले, तुम्ही खाल्ले. चाचा हायेत ना अजून? मग हे कागदावर कुनाला सांगताय? उद्या सकाळी गाडी काढा, मी बी येते. आन् त्यांनी भाकरी पुढं केली, तर आधी बोला, मग खा."